परी नव्हे, फे: भाचीच्या उशाशी असलेल्या जाड पुस्तकांत काय असतं?

माझी भाची जांबोटीकडची. पीयूसीसाठी, म्हणजे अकरावी-बारावीसाठी, दोन वर्षं आमच्याकडे बेळगावात, टिळकवाडीत राहायला आली आहे. तिच्या उशाशी, फिजिक्सच्या गाईडवर, कायम एक जाडजूड इंग्रजी कादंबरी पालथी पडलेली असते. काळं मुखपृष्ठ, त्यावर सोनेरी वेली, मध्ये खंजीर नाहीतर मुकुट. दर रविवारी माझी थोरली बहीण फोनवर विचारते, "काय वाचायलीय गं ती? अभ्यासाचं, की ते पऱ्यांचं?" आणि भाची आतून ओरडते, "पऱ्या नव्हेत गं आई, फे!"

पऱ्या नव्हेत म्हणजे काय, हे कळावं म्हणून यंदा मृग लागल्यापासून गणपती येईपर्यंत मी त्यातल्या चार कादंबऱ्या वाचल्या. बेळगावच्या पावसात संध्याकाळी दुसरं करण्यासारखं फार नसतंच. पहिलं पुस्तक तीनदा मिटून ठेवलं. नायकाच्या आवळलेल्या जबड्याचं वर्णन सतराव्यांदा आलं तेव्हा एकटीच मोठ्यानं हसले. चौथं मात्र रात्री दोनला संपवलं आणि दुसऱ्या दिवशी बँकेत जांभया देत बसले. ज्यांच्या घरात अशी पुस्तकं येऊन पडली आहेत आणि ज्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी ही परी डोक्यातून काढा

आपली परी गॅदरिंगमधली. पांढरा झगा, पाठीला पुठ्ठ्याचे पंख, हातात चांदणी लावलेली काठी. 'परी' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. इंग्रजीतला 'फेअरी' कानाला जवळचा वाटतो, पण त्याचं कूळ वेगळं. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधल्या 'फाता' आहेत, म्हणजे माणसाचं नशीब ठरवणाऱ्या देवता.

हे कळलं तेव्हा मला सटवाई आठवली. बाळ जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री येऊन कपाळावर लिहून जाणारी. तिला कुणी पंख लावत नाही आणि तिच्याशी लाडात येऊन बोलत नाही. कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा विझू द्यायचा नाही, आणि जागायचं. जुन्या आयर्लंड-स्कॉटलंडच्या खेड्यांत या 'फे', म्हणजे फेअरी, लोकांकडे बघायची नजर अशीच होती. त्यांचं नाव घ्यायलाही माणसं कचरत. 'चांगले शेजारी' म्हणत. आपण नाही का रात्री सापाला 'लांबडं' म्हणत? तसंच ते.

हे शेजारी टेकड्यांच्या पोटात राहतात. माणसाएवढे उंच, देखणे, लहरी. त्यांना राजा आहे, राणी आहे, दरबार आहे. स्कॉटलंडमध्ये या दरबाराचे दोन भाग सांगतात: सीली, म्हणजे त्यातल्या त्यात बरे, आणि अनसीली, म्हणजे वाटेत भेटू नयेत असे. उन्हाळ्याचा दरबार, हिवाळ्याचा दरबार वगैरे जे आजच्या कादंबऱ्यांत असतं, ती बहुतेक अलीकडच्या लेखकांची भर. नाजूक पंखही पुढे चित्रकारांनी आणि नाटकवाल्यांनी चिकटवले. म्हणजे भाची ओरडते ते बरोबर आहे. ती जे वाचते त्यात जुनेच, बिनपंखांचे, भीती वाटावी असे लोक परत आलेले आहेत; फक्त त्यांना आता चांगले कपडे घातलेत.

नियम तुम्हाला माहीत आहेत

ही सगळी पुस्तकं काही ठराविक नियमांवर चालतात. पहिल्या पन्नास पानांत ते कळले नाहीत तर पुढचं सगळं बाष्कळ वाटतं. मजा अशी की आपल्याला ते शिकावे लागत नाहीत.

फे लोकांना लोखंड सोसत नाही. तिकडे पाळण्यावर लोखंडी कात्री टांगत. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली विळा नाहीतर अडकित्ता ठेवतात. दुसरा नियम, खरं नाव सांगायचं नाही, कारण नाव ज्याच्या हाती त्याची सत्ता. आपल्याकडे आधीची मुलं दगावली की पुढच्याचं नाव दगडू किंवा धोंडू ठेवायचे, कुणाची नजर पडू नये म्हणून. आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखाण्यात गुंडाळून. तिसरा नियम, त्यांच्याकडचं काही खायचं नाही. खाल्लं की परतीची वाट बंद.

चौथा नियम सगळ्यात महत्त्वाचा आणि या कादंबऱ्यांचा खरा जीव त्यातच आहे. फे लोकांना खोटं बोलता येत नाही. त्यामुळे ते फसवतात खऱ्या शब्दांनीच. समजा, तो राजपुत्र नायिकेला म्हणाला, "सूर्य मावळेपर्यंत तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही." ती निश्चिंत झाली. मग खिडकीकडे बघते तर दिवेलागण झालेली. 'नरो वा कुंजरो वा' ऐकत वाढलेल्या वाचकाला हे काय नवीन? हिरण्यकश्यपूनंही असाच चोख करार करून घेतला होता: घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही. नेमका उंबरठा त्यात लिहायचा राहिला.

मी बँकेत कर्जाच्या कागदांवर सह्या घेते. माणसं जिथं बोट ठेवाल तिथं सही करतात. बारीक अक्षरातलं कुणी वाचत नाही, शिकलेली तर मुळीच नाहीत. या कादंबऱ्यांतल्या बऱ्या मुली सही करण्याआधी वाचतात. "सात रात्री म्हणालास; पण कुठल्या जगातल्या? तुझ्या की माझ्या?" असं तोंडावर विचारतात. मला पहिल्यांदा पुस्तक आवडलं ते अशाच एका प्रसंगात, प्रेमाच्या नाही. आणि भाचीनंही एकदा, न विचारता, तेच सांगितलं: "मावशी, त्यो देखणा हाय म्हणून न्हवे गं. ती त्याला शब्दात पकडते म्हणून मी वाचतो."

ही गोष्ट मुळात सीमाभागातलीच आहे

इथं मात्र मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे कळल्यावर मी खुर्चीत सरळ होऊन बसले.

फे आणि माणूस यांच्या प्रेमकथेची जी दोन जुनी कथागीतं आजच्या लेखकांना पुन्हा पुन्हा खुणावतात, ती दोन्ही स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या सीमेलगतच्या मुलखातली. या प्रकाराला नावच 'बॉर्डर बॅलड्स', सीमेवरची कथागीतं. कवी-कादंबरीकार वॉल्टर स्कॉटनं १८०२-०३ मध्ये ती गोळा करून छापली. बायाबापड्यांच्या तोंडी ती त्याच्या कितीतरी आधीपासून होती. त्यातल्या टॅम लिन या गीताचा उल्लेख तर १५४९ सालचा सापडतो.

जागा आहे कार्टरहॉ. सेल्कर्क गावाजवळ, एट्रिक आणि यॅरो या दोन नद्या मिळतात तिथलं रान. मुलींनी तिकडे जायचं नाही अशी ताकीद. जॅनेट जाते. गुलाब तोडते. तेवढ्यात टॅम लिन समोर उभा: माझ्या परवानगीशिवाय फूल का तोडलंस? ती म्हणते, हे रान माझं आहे, बापानं मला दिलंय. (पहिल्याच वाक्यात जमिनीचा वाद. सीमाभाग तो सीमाभाग.)

पुढे तिला दिवस जातात. ती पुन्हा त्याच्याकडे जाऊन विचारते, तू आहेस तरी कोण? तो मूळचा माणूसच. घोड्यावरून पडला तेव्हा फे राणीनं उचलून नेलेला. दर सात वर्षांनी फे लोकांना नरकाला एक जीव खंडणी द्यावी लागते आणि यंदा आपलाच नंबर लागेल अशी त्याला भीती. आज हॅलोविनची रात्र. मध्यरात्री चौकातून राणीची स्वारी जाईल, मी पांढऱ्या घोड्यावर असेन, मला खाली ओढ आणि काही झालं तरी सोडू नको. ती ओढते. तिच्या मिठीत त्याचा साप होतो, मग हिंस्र जनावर, मग लालबुंद तापलेलं लोखंड. ती सोडत नाही. शेवटी उघडावाघडा माणूस हातात उरतो, त्याला ती आपल्या हिरव्या वस्त्रात झाकते. राणी चडफडते: हे आधी कळतं तर तुझे डोळे काढून लाकडाचे बसवले असते!

दुसरं गीत थॉमसचं, त्याच मुलखातल्या अर्ल्स्टनचा. त्याला फे राणी सात वर्षं घेऊन जाते आणि परत पाठवताना बक्षीस देते: खोटं बोलू न शकणारी जीभ. थॉमस वैतागतो. अशी जीभ घेऊन मी बाजारात सौदा कसा करू? आठवडी बाजारात मिरचीचा भाव करताना मला हा माणूस आता हमखास आठवतो.

अशा गोष्टी सीमेवरच का जन्माव्यात याचा पुरावा माझ्याजवळ नाही, पण अंदाज आहे. जिथं एका ओढ्यापलीकडे दुसऱ्याचा अंमल सुरू होतो, तिथल्या माणसाला उंबरठा ही काय चीज आहे ते सांगावं लागत नाही. कुठल्या कचेरीत कुठली भाषा बोलायची, दुकानाच्या पाटीवर कुठली लिपी वर, हे आम्ही मुलांना शिकवत नाही; ती आपोआप शिकतात. १९५६ साली राज्यं भाषेवर वाटली गेली आणि आम्ही आजच्या कर्नाटकात राहिलो. २०१४ साली १ नोव्हेंबरला गावाचं सरकारी नाव बेळगावी झालं, घरात ते बेळगावच राहिलं. नावात ताकद असते हे आम्हाला पटवायला कुठल्या फे राणीची गरज नाही. आणि हॅलोविनची रात्र सरली की उजाडतो तोच १ नोव्हेंबर, जेव्हा एकाच रस्त्यावर एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव असतो आणि दुसरीकडे मराठी माणसांचा काळा दिन. हा योगायोग भाचीनं मला दाखवला. मला सुचला नव्हता.

मग एवढं प्रेम कुठून आलं?

दुकानात या प्रकाराला 'रोमँटसी' म्हणतात: रोमान्स आणि फँटसी यांचा जोडशब्द. जादूचं जग आणि प्रेमकथा अर्धी-अर्धी, एक काढलं तर दुसरं उभं राहत नाही.

आपल्याकडेही अमानवी जोडीदार आणि त्याची अट ही गोष्ट फार जुनी आहे. गंगा शंतनूशी लग्न करते ती 'मी काही केलं तरी विचारायचं नाही' या अटीवर. उर्वशीही पुरूरव्याला अटी घालूनच येते. अट मोडते, ती जाते, राजा रडत फिरतो. पण आपल्या गोष्टींत वरच्या जगातून बाई येते आणि इथला पुरुष राजा असतो. या कादंबऱ्यांनी पारडं फिरवलंय. वरच्या जगातला तो, आणि इथली ही साधी, बहुधा गरीब, शिकार करून नाहीतर मोलमजुरी करून घर चालवणारी पोरगी. अटी घालायला शिकते ती.

ठरलेल्या चाली खूप आहेत. आधी वैर, मग प्रेम. वादळी रात्र, धर्मशाळेत एकच खोली, खोलीत एकच पलंग. (चारपैकी तीन पुस्तकांत. चौथ्यात तंबू होता.) कीर्तनात आख्यान माहीत असूनही आपण बसतोच ना, तसं ते चालवून घेता येतं.

मला खटकली ती दुसरीच गोष्ट. बऱ्याच मालिकांत 'मेट' नावाची भानगड असते: दोन जीवांची गाठ नियतीनंच मारलेली, ती तुटत नाही. म्हणजे पाचशे पानं मुलगी शब्दाशब्दाला भांडली, दरबारांना भिडली, आणि शेवटी लग्न ठरलं ते छत्तीस गुण जुळल्यामुळेच! मी हे भाचीला म्हटलं तर ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

"पाचशे वर्षांचा नायक आणि सतरा वर्षांची मुलगी, हे शोभतं का?"

नाही शोभत. इथं मी आयांच्या बाजूनं आहे. तो दिसायला पंचविशीचा असतो म्हणून गणित बदलत नाही. शिवाय यातले काही नायक मुलीला कोंडतात, धमकावतात, तिच्या मनात घुसतात, आणि पुढच्या भागात कळतं की ते सगळं तिच्या भल्यासाठीच होतं. हे वाक्य आपल्या घराघरांत बायकांनी इतकं ऐकलंय की ते फे भाषेत आलं तरी ओळखू यावं.

पण वाचणाऱ्या पोरी बावळट आहेत असं समजू नका. भाचीच्या मैत्रिणी घरी आल्या की यावरच कडाडून भांडतात. एकीनं तर एका नायकाला 'हा सरळ पोलिसात द्यायच्या लायकीचा' म्हणून निकालात काढला. त्यांच्या वयात आम्ही सिनेमात हिरोईनच्या मागं मागं गाणी म्हणत फिरणाऱ्या हिरोंना टाळ्या दिल्या आहेत. आम्हाला कुणी विचारलं नाही.

कुठल्या वयाला काय द्यावं?

'यंग ॲडल्ट' हा शिक्का मुखपृष्ठावर किंवा दुकानाच्या फळीवर दिसतो. ढोबळ अर्थ, १२ ते १८ वयाच्या वाचकांसाठी. तो शिक्का प्रकाशक मारतो. सिनेमाला सेन्सॉरचं यूए १३+, यूए १६+ असं प्रमाणपत्र लागतं. पुस्तकाला तसलं काही नसतं. त्यामुळे गोंधळ होतो, आणि तो खरा गोंधळ आहे. उदाहरणच द्यायचं तर सारा जे. मास यांच्या 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' या मालिकेचं पहिलं पुस्तक २०१५ मध्ये तरुण वाचकांसाठी म्हणून आलं. २०२० मध्ये तीच मालिका नवी मुखपृष्ठं चढवून प्रौढांसाठी म्हणून विकायला लागली. आतला मजकूर तोच. त्यातले शय्याप्रसंग आठवीतल्या मुलीसाठी नाहीत, हे मी स्पष्ट सांगते.

मग करायचं काय? मुखपृष्ठावरून ओळखता येत नाही. बंदी घातली की फोनवर पीडीएफ येतेच. मला एकच मार्ग दिसला: आधी आपण वाचायचं, निदान मधली दोन प्रकरणं चाळायची. हे जाच वाटेल. मलाही पहिल्या शंभर पानांत तसंच वाटलं होतं.

"यानं अंधश्रद्धा वाढणार नाही का?"

हा प्रश्न माझ्या मेहुण्यांचा. त्यांनी तो हसत विचारला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

१८९५ साली आयर्लंडच्या टिपररी भागात ब्रिजेट क्लिअरी नावाची शिवणकाम करणारी बाई आजारी पडली. ही माझी बायको नव्हे, फे लोकांनी तिला नेऊन तिच्या जागी दुसरं काहीतरी ठेवलंय, असं तिच्या नवऱ्यानं मनाशी घेतलं. तिला कडू काढे पाजले, विस्तवाजवळ नेलं, तू ब्रिजेट आहेस का ते तीन-तीनदा वदवून घेतलं. घरात नातेवाईक होते. शेवटी ती जळून मेली. नवरा मग एका जुन्या गढीपाशी रात्री वाट बघत राहिला, खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून येईल म्हणून.

पांढरा घोडा. गाण्यात जॅनेटनं ज्याच्यावरून टॅम लिनला ओढलं, तोच.

आपल्याकडेही अंगात आलं म्हणून, करणी केली म्हणून बायांना मारझोड झालेली आहे. म्हणून तर महाराष्ट्रात २०१३ साली आणि आमच्या कर्नाटकात २०१७ साली कायदे करावे लागले. पण ब्रिजेटच्या घरातल्यांनी कादंबरी वाचली नव्हती. ते विश्वास ठेवत होते. भाचीला पक्कं माहीत आहे की हे खोटं आहे आणि पुस्तक मिटलं की फिजिक्स आहे. तिला ब्रिजेटची गोष्ट मी सांगितली तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, पुस्तकात हिचं कुणी का लिहीत नाही?

आणि मराठीत?

चकवा आहे, जो रात्री एकाच बांधावर फिरवत ठेवतो. आग्या वेताळ आहे. पाण्याकाठच्या साती आसरा आहेत. खानापूरच्या रानातून चोर्ला घाट उतरून खाली गेलं की हद्द सांभाळणारे राखणदार आहेत. माल भरपूर आहे, पण तो आजवर पोरांना वेळेवर घरी आणण्यासाठीच वापरला. सतरा वर्षांच्या मुलीनं राखणदाराशी अटी घालून भांडावं अशी सहाशे पानांची मराठी कादंबरी माझ्या वाचनात तरी आली नाही. आमच्याकडे कडोली, येळ्ळूरसारख्या गावांतून साहित्य संमेलनं भरतात, मांडव गच्च भरतात. तिथं कुणी तरुण मुलीनं हे लिहिलं तर मी पहिल्या रांगेत बसेन.

गणपतीला बहीण आली होती. दुपारी भांडी झाल्यावर भाचीच्या कॉटवर बसून तिनं ते काळं-सोनेरी पुस्तक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, "काय असतंय गं यात?" भाचीनं सांगायला सुरुवात केली. टेकडी, दरबार, नाव, करार. बहीण ऐकत होती, निम्मं लक्ष दाराकडे. लोखंडाचं आलं तशी ती एकदम वळली.

"मग तुझ्या येळेला माझ्या उशाखाली विळा हुताच की."

भाची उठून बसली. "कुठला विळा? अजून हाय?"

"हाय की. त्यानंच तर गवत कापतो मी."